वरमाईचं इंजेक्शन

धरणगावच्या भिकुबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाल्ली नाही असा माणूस त्यांच्या गल्लीत शोधून सापडला नसता. उखळात कुटलेली, लसूण भरपूर आणि मिरची त्याहून भरपूर. पद्मालयाच्या गणपतीला एरंडोलकडे निघालेले पाहुणे वाट वाकडी करून आधी त्यांच्या ओट्यावर टेकायचे. गणपती हे नुसतं निमित्त आहे, खरं कारण चटणी, असं भिकुबाईंचं ठाम मत होतं.

आणि त्यांच्याच नातीला शेंगदाणा चालत नव्हता.

नातीचं नाव योजना. भिकुबाईंचा थोरला मुलगा पुना ग्रामसेवक होता. त्याच्या हाताखालच्या गावाला नळपाणी योजना मंजूर झाली त्याच दिवशी त्याला मुलगी झाली, म्हणून त्याने हौसेने ते नाव ठेवलं. नळाला पाणी अजून आलं नव्हतं, पण योजना आता दुसरीत गेली होती.

शेंगदाण्याचं कळलं ते ती अगदी लहान असताना. भिकुबाईंनी मोठ्या कौतुकाने भाकरीला चटणी लावून नातीला पहिला घास भरवला. थोड्याच वेळात पोरीच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आणि ती खोकायला लागली. भिकुबाईंनी ओळखलं की नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांच्या धुराने सगळं घर असं खोकायला लागलं की त्यात पोरीचा खोकला कोणता आणि घरच्यांचा कोणता हेच कळेना. शेवटी योजनाची आई पुष्पा हिने पोरीला उचललं आणि ती कांतीलाल डॉक्टरांच्या दवाखान्याकडे पळत सुटली. उरलेल्या मिरच्या मुठीत धरून भिकुबाई तिच्या मागे.

कांतीलाल डॉक्टरांनी पोरीकडे एकदा पाहिलं, काचेची एक छोटी बाटली फोडली आणि तिच्या मांडीत सुई दिली. काही मिनिटं गेली असतील-नसतील, छातीतली घुरघुर थांबली. ओठांची सूज उतरायला लागली. पोरगी उठून बसली आणि तिने डॉक्टरांची बॅटरी मागितली.

भिकुबाईंनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मुठीतल्या मिरच्या त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या ठी ल्या," त्या म्हणाल्या. "मन्ह्या काही कामन्या नही."

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. काही मुलांचं अंग साध्या खाण्यालाच वैरी समजतं आणि त्याच्याशी भांडायला उठतं. त्या भांडणात घसा आवळतो, श्वास अडकतो, माणूस दगावूही शकतो. त्यावर हे एकच औषध तातडीने लागू पडतं. अ‍ॅड्रिनलिन.

"आदरनलीन," भिकुबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या औषधाचं धरणगावातलं नाव तेच पडलं.

त्या दिवसापासून भिकुबाई बदलल्या. चटणी बंद झाली. उखळ अंगणात पालथं पडलं आणि त्यावर मांजर बसायला लागलं. गल्लीने सुतक पाळल्यासारखा महिना काढला. भाजीत कुटाऐवजी सुकं खोबरं आलं. घरात येणाऱ्या माणसाला पाण्याआधी "खिशात काय शे?" हा प्रश्न यायला लागला. एकदा शाळेचे मास्तर पुनाकडे जनगणनेचं विचारायला आले. भिकुबाईंनी त्यांना दारातच थांबवून सदऱ्याचा खिसा उलटा करायला लावला. त्यातून मूठभर खारे दाणे निघाले. मास्तर ते दाणे रस्त्यावर उभे राहून संपवून, चूळ भरून, हात धुऊन मग आत आले, आणि एवढं झाल्यावर काय विचारायचं होतं ते विसरले.

पुढे एकदा डॉक्टरांनीच सगळ्या घराला बोलावून घेतलं.

"इथे मी आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही परगावी गेलात आणि तिथे झालं तर? तुमच्यापैकी कोणाला तरी इंजेक्शन देता आलं पाहिजे."

त्यांनी औषधाच्या दोन बाटल्या आणि दोन बारीक सिरिंजा एका स्टीलच्या डबीत घालून दिल्या. सिरिंजवर त्यांनी बायकोच्या नखांच्या रंगाने लाल रेघ ओढली होती. औषध या रेघेपर्यंतच भरायचं, त्यापुढे नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सरळ टोचायचं. मग पोरीला आडवं करून पाय उंच ठेवायचे आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. "बरं वाटलं तरी गाठायचाच. औषध काही वेळच धरतं. ते उतरलं की त्रास पुन्हा उलटू शकतो."

पहिला नंबर पुनाचा लागला. पुना नोकरीनिमित्त गावोगाव भोंगा लावून सांगत फिरायचा, "लस टोचून घ्या, अजिबात घाबरू नका." पण सुईचं टोक दिसताच तो काही न बोलता खाली बसला आणि मग आडवा झाला. दुसऱ्या वेळी त्याने शहाणपणा केला. तो आधी आडवा झाला आणि मग सुईकडे पाहिलं. पुष्पाची हिंमत होती, पण हात असा थरथरायचा की सुई डॉक्टरांच्या टेबलाच्या कडेत रुतली.

मग भिकुबाई पुढे झाल्या. चाळीस वर्षं उखळात मुसळ घातलेला तो हात. तो केसभरही हलला नाही. डॉक्टरांनी सराव करायला संत्रं दिलं होतं, पण भिकुबाईंना ते पटलं नाही. संत्र्याला मांडी कुठे असते? त्यांनी बाजारातून भरताची हिरवी वांगी आणली, एकेक पोराच्या मांडीएवढं, आणि आठवडाभर त्यांना पाण्याची इंजेक्शनं दिली. त्या आठवड्यात घरात रोज भरीत झालं. धाकटा मुलगा वना म्हणाला की या भरताला पोहता येतं.

याच वनाचं लग्न ठरलं, ब्याण्णव सालच्या वैशाखात. मुलगी साक्रीची, नाव बेबा. तिचे वडील झुलाल नाना साधे, सरळ गृहस्थ. बोलणी करायला बसले तेव्हा त्यांनी हात जोडून विचारलं, "तुमची काय अपेक्षा शे, सांगा."

"काहीच नही," भिकुबाई म्हणाल्या. "फक्त जेवणमा शेंगदाणा नको. आमनी नातले चालस नही."

झुलाल नानांनी मान डोलावली आणि त्यांच्याकडची मंडळी आतल्या खोलीत विचार करायला गेली. हुंडा मागणारे त्यांनी पाहिले होते, घड्याळ आणि सायकल मागणारे पाहिले होते. शेंगदाणा नको म्हणणारा वरपक्ष पहिलाच. त्यांच्यातल्या एका जाणत्याने शेवटी उलगडा केला. नातीचं निमित्त आहे. शेंगदाणा नको, म्हणजे काजू पाहिजेत. मोठी माणसं असं तोंडाने मागत नाहीत.

लग्नात मग लाडवापासून पुलावापर्यंत सगळीकडे काजू पडले. नशिबाने काजू योजनाला चालायचे.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. धरणगावचं वऱ्हाड सकाळीच साक्रीला पोचलं. ऊन असं की मांडवाच्या खांबाला हात लावला तर चटका बसावा. औषध उन्हापासून जपायचं म्हणून भिकुबाईंनी डबीला ओलं फडकं गुंडाळून ती कमरेच्या पिशवीत बांधली होती. वरमाई म्हणून त्यांच्यासाठी मांडवात गादीची खुर्ची आणि तिच्यापुढे टेबलफॅन ठेवला होता. भिकुबाई त्या खुर्चीवर बसल्या, कुंकू लावून घ्यायला चष्मा काढून खुर्चीवर ठेवला, आणि उठून थेट मागे स्वयंपाकाकडे गेल्या.

तिथे सुकदेव आचारी वल्ह्यासारखा झारा घेऊन वांग्याची भाजी घोटत होता. शेजारी बट्ट्यांच्या पाट्या भरल्या होत्या.

"दादा, यानामा शेंगदाणा शे का?" भिकुबाईंनी विचारलं.

"नही, माय."

"आन घे."

"देवानी आन. एक दाणा बी नही टाका."

भिकुबाईंनी तरी पातेल्यावर वाकून खोल वास घेतला. खरं तर त्यांचं नाक तपकिरीने केव्हाच निकामी झालं होतं. त्यांना वाफ गरम आहे एवढंच कळलं. पण वास घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

नेमकं हेच विहीणबाईंनी, म्हणजे बेबाच्या आई धुरपदाबाईंनी दारातून पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं. एवढे काजू टाकले, पंखा लावला, आणि ही बाई आमच्या पातेल्यात नाक घालते. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारपर्यंत त्यांनी ही गोष्ट आपल्या चारी बहिणींना वेगवेगळी सांगितली.

दुपारी पंगत बसली. योजना हिरवा परकर-पोलका घालून आजीशेजारी बसली आणि तिने नेहमीप्रमाणे आपला डबा उघडला. पोळी आणि बटाट्याची भाजी. धुरपदाबाई वाढायला आल्या होत्या. डबा पाहून त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आम्हना मांडवमा पोर घरनं खास का?" त्या म्हणाल्या. "काय चुकनं आम्हनं, विहीणबाई?"

भिकुबाई पेचात पडल्या. आचाऱ्याने देवाची आण घेतली होती. पोरीच्या काकाचं लग्न, आणि समोर नवरीची आई रडते आहे. त्या नातीला म्हणाल्या, "खा थोडीशी. आन लियेल शे त्यानी."

योजनाने बट्टी चुरून भाजीत कालवली. काही घास खाल्ले. मग तिने पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला.

"मोठी माय," ती म्हणाली. ती आजीला मोठी माय म्हणे. "घसा खाजस. ओठ बी जड वाटस."

भिकुबाईंनी तिची मान उजेडाकडे वळवली. गळ्यावर गांध्या उठत होत्या. पोरीचा आवाज घोगरा झाला होता, आणि ती बोलता बोलता खोकली.

"पुना, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "पुष्पा, पोरले आडवी कर."

त्यांनी कमरेची डबी सोडली, बाटलीचं टोक मोडलं आणि सिरिंज डोळ्यांशी धरून लाल रेघेपर्यंत औषध ओढलं. पुना तिथेच उभा होता.

"अप्पा, तुम्ही तिकडे पाहा," योजना घोगऱ्या आवाजात म्हणाली.

पुनाने मान वळवली, पण सुई त्याला आधीच दिसली होती. तो पंगतीमागच्या पत्रावळींच्या ढिगाऱ्यावर अलगद निजला.

आता धुरपदाबाई धावत आल्या. रागबिग सगळं विसरून त्यांनी खाली बसकण मारली आणि पोरीला मांडीवर घेऊन घट्ट धरलं. बायका भोवती गोळा झाल्या, मागून पुरुष वाकून पाहायला लागले. पुरुषांसमोर पोरीचा परकर कसा वर करायचा, म्हणून भिकुबाईंनी पातळ कापडावरूनच टोचायचं ठरवलं. डॉक्टरांनी तसं चालतं असं सांगितलं होतं. मात्र योजनाचा परकर हिरवा होता, धुरपदाबाईंचं लुगडंही हिरवं होतं, आणि भिकुबाईंचा चष्मा मांडवात पंख्यासमोर होता. त्यांनी नेम धरला आणि न कचरता सुई दिली. हात अजिबात हलला नाही.

"विहीणबाई," धुरपदाबाई म्हणाल्या, "हाई मन्ही मांडी शे."

"मंग पोरनी कोठे शे?"

"हाई देखा." धुरपदाबाईंनी बोट दाखवलं.

भिकुबाईंनी दुसरी बाटली फोडली. या वेळी त्यांनी पुरुषांना हाकललं, पुष्पाने साडीचा पदर धरून आडोसा केला, परकर वर झाला, आणि भिकुबाईंनी आधी हाताने मांडी चाचपून ती आपल्याच घरातली असल्याची खात्री करून घेतली. मग सुई सरळ गेली. त्यांनी ती जागेवर धरली, औषध पूर्ण आत जाऊ दिलं, आणि बाहेर काढून जागा चोळली.

बाहेर नवरदेवाच्या वरातीसाठी फुलांनी सजवलेली जीप उभी होती. मागच्या भागात बँडवाल्यांचा मोठा ढोल ठेवलेला होता. तो उतरवायला वेळ कुठला? योजनाला आडवं केलं, तिचे पाय त्या ढोलावर उंच ठेवले, आणि जीप सुटली. पुष्पा पोरीच्या उशाशी. एका बाजूला भिकुबाई, दुसऱ्या बाजूला धुरपदाबाई. पुनाला शुद्धीवर आणून ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. मागे पाहायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती.

रस्त्यातच योजनाचा श्वास मोकळा व्हायला लागला. तिने पायाने ढोलावर हळूच टकटक केलं. ते ऐकून पुष्पा पहिल्यांदा रडली.

इकडे मांडवात बातमी पसरत होती. "वरमाईने विहिणीला सुई टोचली" असं ती पंगतीतून निघाली. पुरुषांच्या बैठकीत पोचेपर्यंत सुईची सुरी झाली. मांडवाच्या दारात वरमाई फरार झाली, आणि रस्त्यावर लग्न मोडलं. बँडमास्तरने ते ऐकून वाद्यं आवरायला घेतली, तर ढोल सापडेना. तो फरार वरमाईच्या जीपमध्ये आहे असं कळल्यावर सगळा बँड लाल कोट घालून, भर उन्हात, सरकारी दवाखान्याच्या दिशेने पळत निघाला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी योजनाला तपासलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली, हाताला सलाइन जोडलं आणि आणखी दोन औषधं दिली. छाती ऐकून त्यांनी मान हलवली. समाधानाने.

"हिला सुरुवातीचं इंजेक्शन कोणी दिलं?"

"मी," भिकुबाई म्हणाल्या.

"वेळेवर दिलंत. नाहीतर अवघड होतं. एकच दिलं ना?"

"हिले एक," भिकुबाईंनी नातीकडे बोट केलं. मग विहिणीकडे. "आन हिनले एक."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. धुरपदाबाई खाटेच्या कडेवर ताठ बसल्या होत्या. हात थरथरत होते आणि हातांतल्या बांगड्या सारख्या किणकिणत होत्या.

"डॉक्टर, मन्ही छातीमा ढोल वाजी ऱ्हायना," त्या म्हणाल्या.

त्याच वेळी बाहेर खरा ढोल वाजला. बँडमास्तर तो फुटला तर नाही ना हे पाहत होता. डॉक्टरांनी धुरपदाबाईंची नाडी धरली, रक्तदाब घेतला आणि सांगितलं की पोरीच्या मापाचं थोडंसं औषध आहे, धडधड थोड्या वेळात आपोआप जाईल, पण तोवर शेजारच्या खाटेवर पडून राहा.

धुरपदाबाईंना पडून राहवेना. त्या बोलायला लागल्या त्या थांबेनात. पातेल्यातलं नाक, काजू, पंखा, डबा, चारी बहिणींना काय काय सांगितलं ते सगळं त्यांनी भिकुबाईंना एका दमात ऐकवून टाकलं. त्यातलं निम्मं त्या एरवी जन्मात बोलल्या नसत्या. भिकुबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना पदराने वारा घातला.

एवढ्यात झुलाल नाना दहा-बारा माणसं घेऊन दारात आले. चेहरे लाल, श्वास चढलेले. बायको खाटेवर आणि तिला विहीण वारा घालते आहे, हे पाहून ते गोंधळले. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं, आणि विचारलं की पोरीने खाल्लं तरी काय. तेव्हा सुकदेव आचाऱ्याला पुढे ढकललं गेलं. त्याच्या हातात अजून झारा होता.

"भाजीत शेंगदाणे होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही साहेब. देवानी आन."

"नक्की?"

"शेंगदाणा एक बी नही टाका. कूट टाकेल शे."

"कूट कशाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेंगदाणासना," सुकदेव म्हणाला. या प्रश्नाचं त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. कूट आणखी कशाचा असतो?

धुरपदाबाईंनी उठून त्याच्या हातातला झारा काढून घेतला. पुढे काय झालं असतं कोण जाणे, पण नर्सबाईंनी झारा त्यांच्या हातातून घेऊन कपाटावर ठेवला. भिकुबाई मात्र सुकदेवला रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मीच इचारामा चुकनू. कूट शे का, आसं इचाराले पाहिजे व्हतं." त्यावर सुकदेव दाराशी बसून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि त्याची समजूत काढायला पुनाला पाठवावं लागलं.

आता प्रश्न होता लग्नाचा. डॉक्टरांनी योजनाला सकाळपर्यंत सोडायला साफ नकार दिला. भिकुबाई म्हणाल्या, मग मीही इथून हलत नाही. पुष्पा म्हणाली, मी बसते, तुम्ही जा, तुम्ही वरमाई आहात. भिकुबाई म्हणाल्या, सुईवर माझा हात बसलाय. डॉक्टर म्हणाले, सुईवर माझाही हात बसलाय. भिकुबाईंनी डॉक्टरांकडे जरा संशयाने पाहिलं. धुरपदाबाईंची धडधड एव्हाना थांबली होती आणि त्यांना घरी जायची परवानगीही मिळाली होती. पण वरमाईशिवाय मांडवात पाऊल टाकायला त्या तयार होईनात. ऊन कलायला लागलं. नवरदेव वना घोड्यावर बसून बसून कंटाळला आणि आईला विचारायला घोड्यासकट दवाखान्याशी येऊन थांबला. योजनाने खिडकीतून घोडा पाहिला.

"इथेच करा ना लग्न," ती म्हणाली. "मला दिसेल."

मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. झुलाल नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं, मग वॉर्डाकडे, आणि बराच विचार करून अट घातली. आवाज अजिबात करायचा नाही. आत पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस आहे. ढोल नाही, ताशा नाही, फटाके नाहीत.

त्या संध्याकाळी साक्रीत झालं तसं लग्न आजवर कोणी पाहिलं नसेल. नवरी चपला हातात घेऊन आली. अख्खं वऱ्हाड पाय न वाजवता अंगणात शिरलं. बँडवाले कर्णे काखेत धरून एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे, भिंतीला टेकून उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं म्हणण्यात भटजींचा आवाज तीन गावांत मशहूर होता. त्यांनी डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून, कुजबुजत पहिलं कडवं म्हटलं. शेवटी "शुभमंगल सावधान" आलं तेव्हा शेकडो माणसं एकदम कुजबुजली, आणि तो आवाज कडुनिंबात वारा शिरावा तसा झाला. पुनाला ते फार आवडलं. लाउडस्पीकरशिवाय एवढी माणसं एका सुरात बोलू शकतात हे त्याला नोकरीच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

योजना खिडकीशी उशीला टेकून बसली होती, नाकाला नळी, हातात अक्षता. भिकुबाई तिच्या शेजारी आणि धुरपदाबाई दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे एक पाय नवरीकडे आणि एक विहिणीकडे. अक्षता पडल्या. पोटाचं ऑपरेशन झालेला म्हातारा आतून म्हणाला, "एवढं काय घाबरत मरता? वाजवा की." पण कोणी वाजवलं नाही.

रात्र शांत गेली. त्रास उलटला नाही. सकाळी डॉक्टरांनी छाती पुन्हा ऐकली, नव्या सिरिंजा आणि दोन बाटल्या दिल्या, आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. धुरपदाबाई निरोप द्यायला जीपपर्यंत आल्या. लेकीला कवटाळून त्या रीतीप्रमाणे रडल्या. मग डोळे पुसून भिकुबाईंना जरा बाजूला घेऊन म्हणाल्या की काल सुई बसल्यापासून संध्याकाळपर्यंत आपले गुडघे अजिबात दुखले नाहीत, तर ते आदरनलीन महिन्यातून एकदा घेतलं तर चालेल का.

"नही," भिकुबाई म्हणाल्या. "ते पोरनं शे."

जीप धरणगावच्या रस्त्याला लागली. योजना आईच्या कुशीत झोपली होती. वना पुढे, पुनाशेजारी. नवी सून बेबा डोक्यावरचा पदर सावरत सासूसमोर बसली होती. अजून दोघींचं एक वाक्यही बोलणं झालं नव्हतं. बराच वेळ गेल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं,

"आत्याबाई, तुम्हना घरमा आजूक कोणले ती सुई देता येस?"

"कोणलेच नही," भिकुबाई म्हणाल्या. "मले एकलीले."

"मंग तुम्ही वावरमा गयात, आन तवय व्हयनं तर?"

भिकुबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. या वेळी चष्मा होता. मग म्हणाल्या, "हात पुढे कर."

बेबाने हात पुढे केला. मेंदी अजून ओली वाटावी इतकी लाल होती. जीप खड्ड्यांतून उडत होती, चुडा हिंदकळत होता, पण पंजा होता तिथेच स्थिर होता. भिकुबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि धरणगाव येईपर्यंत सोडला नाही.